पाठीवर सॅक, हाताशी पंचांग: नाशिकहून कोकण किनाऱ्याची उन्हाळी भटकंती

नाशिककरांची कोकणाची सहल बहुतेकदा ठरलेली असते. रात्री गाडी काढायची, सकाळी गणपतीपुळे, दुसऱ्या दिवशी तारकर्लीला पाण्यातले खेळ आणि तिसऱ्या रात्री घरी. या घाईत किनाऱ्यावरची जुनी गावं गाडीच्या काचेतूनच मागे पडतात. अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन, दाभोळ ही सगळी एकेकाळी गजबजलेली बंदरं. त्यांच्या आळ्या, पाखाड्या (दगडी पायवाटा) आणि धक्के पायीच पाहायचे असतात, आणि तिथे पोचायला एसटी, लाँच आणि माणसांना-गाड्यांना खाडीपार नेणारी जंगलजेटी पुरते. अलिबाग ते रत्नागिरी हा टप्पा साधारण आठ-नऊ दिवसांत, पाठीवर सॅक घेऊन कसा करायचा, ते इथे क्रमाने सांगतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. या सहलीचं वेळापत्रक ठिकाणांच्या यादीवरून बनत नाही. ते बनतं भरती-ओहोटीवरून आणि उन्हावरून. हे दोन्ही धरून दिवस बेतला तर मे महिन्यातला कोकणही सुखाचा होतो. ते सोडून निघालात तर दुपारी बारा वाजता तापलेल्या वाळूत उभे राहाल आणि समोरचा किल्ला पाण्यापलीकडे राहील.

तारीख ठरवताना कालनिर्णय समोर घ्या

आधी मोठी चौकट ठरवू. एप्रिलचा मध्य ते २० मे हा काळ धरा. गेटवे ते मांडवा ही प्रवासी जलवाहतूक मेच्या शेवटच्या आठवड्यात पावसाळ्यासाठी थांबते. जंजिऱ्याच्या होड्याही पावसाळ्यात बंद असतात. यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद राहते, म्हणजे ताजी मासळीही आटते. मेच्या अखेरीस वळवाचे ढग येतात आणि समुद्र खवळायला लागतो.

आता या चौकटीतले नेमके दिवस. कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहा. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते, आणि रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरून जमतो. जायच्या आदल्या दिवशी मोबाइलवर भरतीचं कोष्टक पाहून वेळ पक्की करा, पण सहल आखायला तिथी पुरेशी आहे.

त्यातून एक सोयीची गोष्ट हाती लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं आणि तितकंच खोल उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. ओहोटीत चालत जायच्या जागा पाहायच्या असतील तर उधाणानंतरचे दिवस हवेत. तृतीयेला पूर्ण ओहोटी सकाळी साडेआठच्या सुमारास, पंचमीला दहाला, षष्ठीला पावणेअकराला. म्हणजे ऊन चढायच्या आत पाणी उतरलेलं असतं. म्हणून द्वितीयेला अलिबागेत पोचाल असं बघा. पुढचे चार-पाच दिवस समुद्र तुमच्या बाजूने असतो.

वार जुळला तर सोन्याहून पिवळं. शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत अलिबाग, काशीद, मुरूड या पट्ट्यात मुंबई-पुण्याची गर्दी लोटते आणि खोल्यांचे भाव चढतात. सोमवारी किंवा मंगळवारी निघा. तिथी आणि वार दोन्ही जुळत नसतील तर मी तिथी धरतो.

नाशिकचं ऊन आणि कोकणचं ऊन

"आम्हाला चाळीसची सवय आहे, तिथे तर तेहतीसच," असं म्हणत नाशिकची माणसं निघतात आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे आणि इथला उन्हाळा कोरडा. घाम येतो आणि वाळतो, वाळताना अंग गार करतो. किनाऱ्यावर हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. शरीरातलं पाणी आणि मीठ जातं, गारवा मात्र मिळत नाही. हवामान खातंसुद्धा उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर गेलं की करतं, किनाऱ्यावर मात्र ३७ अंशांपासूनच.

म्हणून दिवसाचे तीन तुकडे करा. पहाटे साडेपाचला उठून साडेदहापर्यंत चालणं, किल्ला, समुद्र. अकरा ते चार सावलीत: जेवण, झोप, किंवा एका गावाहून दुसऱ्या गावाला एसटीचा प्रवास. चारनंतर पुन्हा गाव. पहिल्या दोन दिवसांत सॅक घेऊन लांब चालू नका, शरीराला दमट हवेची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो.

नुसतं पाणी पीत राहू नका. शहाळं, कोकम सरबत, ताक, मीठ घातलेलं लिंबू सरबत यांतलं काहीतरी दर दीड-दोन तासांनी पोटात जाऊ द्या. ओआरएसची पाकिटं बरोबर ठेवा, एक पाकीट एक लिटर पाण्यात, कमी पाण्यात नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. घाम येणं थांबलं, डोकं ठणकायला लागलं किंवा बोलणं भरकटायला लागलं तर सहल बाजूला ठेवून आधी सावली, अंगावर ओलं कापड, पंखा आणि जवळचा दवाखाना.

सॅक किती भरायची

पस्तीस ते चाळीस लिटरची सॅक पुरे. पाणी धरून वजन सात-आठ किलोच्या वर जाऊ देऊ नका. स्लीपिंग बॅग घरी ठेवा. रात्रीही घामच येतो, पातळ सुती चादर पुरते. जाड टॉवेलऐवजी दोन पंचे घ्या. पंचा अंग पुसायला, डोक्याला गुंडाळायला, बसायला सगळ्याला चालतो आणि लवकर वाळतो. जीन्स नकोच. दमट हवेत ती दोन दिवस ओली राहते आणि सॅकभर वास करते. पूर्ण बाह्यांचे दोन पातळ सुती शर्ट, दोन हलक्या पँट, पाण्यात उतरायचे वेगळे कपडे, मोठ्या कडेची टोपी आणि एक साधी छत्री. छत्रीला कोणी हसलं तर हसू द्या, किल्ल्याच्या तटावर सावली तीच देते.

पायात मागून पट्टा असलेले सँडल हवेत. किनाऱ्यावरच्या खडकांना कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची धार ब्लेडसारखी असते. अनवाणी किंवा चपलेवर चालून टाच कापली की पुढचे सगळे दिवस लंगडत जातात. ओल्या कपड्यांत चालून मांड्या सोलवटतात, त्यासाठी खोबरेल तेल किंवा पावडर घ्या. मोबाइल, पैसे, ओळखपत्र झिपच्या प्लास्टिक पिशवीत. रोख रक्कम सुट्ट्या नोटांत ठेवा, खाडीकाठच्या गावांत नेटवर्क जातं आणि ऑनलाइन पैसे भरता येत नाहीत.

निघण्याच्या आठवडाभर आधी सॅक पूर्ण भरून पांडवलेणी चढून बघा. खांद्याला कुठे रुततंय, कोणता पट्टा सैल आहे, हे वीस मिनिटांच्या चढात कळतं. आणि वर गेलाच आहात तर दहा क्रमांकाच्या लेण्यात थांबा. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख तिथे आहे. त्यात त्याने शूर्पारक, म्हणजे आजचं सोपारा, इथल्या दानधर्माची नोंद केली आहे. दमण, तापी, डहाणुका अशा नद्यांवर लोकांना फुकट पार नेणाऱ्या नावा ठेवल्याचं सांगितलं आहे आणि ३२,००० नारळाच्या रोपांच्या दानाचाही उल्लेख आहे. घाटमाथा आणि बंदरं यांचं नातं इतकं जुनं आहे. थळ घाट उतरून माल बंदराला जायचा आणि बंदराचा माल वर यायचा. आपण निघतो तो रस्ता तोच.

नाशिक ते अलिबाग

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमाराची पंचवटी एक्स्प्रेस. अकराच्या आसपास सीएसएमटी, तिथून टॅक्सी किंवा बसने गेटवे ऑफ इंडिया. गेटवेहून मांडव्याला लाँच आणि कॅटामरान सुटतात, साधारण तासाभराचा प्रवास. बहुतेक कंपन्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते, तिकीट घेताना विचारा आणि ते शेवटपर्यंत जपा. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाड्याही नेणारी रो-रो जाते, लाटांचा त्रास होणाऱ्यांना ती मोठी बोट बरी पडते.

समुद्र खवळलेला असेल आणि फेऱ्या रद्द झाल्या असतील तर मुंबईत अडकून बसू नका. लोकलने पनवेल गाठा आणि तिथून अलिबागची एसटी धरा. एसटीनेच निघायचं असेल तर नाशिकहून मुंबई-ठाण्याच्या गाड्या महामार्ग बसस्थानकावर विचारा.

शिदोरीला चिवडा आणि बेदाणे घ्या. दोन्ही उन्हात टिकतात. दुधाचा कोणताही पदार्थ घेऊ नका.

एसटीशी मैत्री

या सहलीचा कणा एसटी आहे, म्हणून तिचा स्वभाव समजून घ्या. कोकणातल्या आडगावांना दिवसातून मोजक्याच गाड्या असतात. पण जवळपास प्रत्येक मोठ्या गावात एक वस्तीची गाडी असते, जी रात्री मुक्कामाला येते आणि पहाटे परत निघते. ती गाडी गावातच उभी असल्यामुळे सहसा चुकत नाही. मुक्कामी पोचलात की पहिलं काम म्हणजे दुकानात किंवा घरमालकाला विचारायचं: "वस्तीची गाडी किती वाजता सुटते?" पुढचा दिवस त्यावर ठरतो.

स्थानकावरच्या फलकावर विसंबू नका, चौकशीच्या खिडकीत विचारा. कंडक्टरला आधीच सांगून ठेवा, "जेट्टीला उतरायचंय." तो जवळच्या फाट्यावर उतरवून पुढचं वाहनही सांगतो.

एसटीचा "आवडेल तेथे प्रवास" पास चार आणि सात दिवसांचा मिळतो. पण तो घेण्याआधी हिशेब करा. या मार्गावर रोजचं अंतर कमी असतं, त्यामुळे सुटी तिकिटं बऱ्याचदा स्वस्त पडतात. महिलांना २०२३पासून निम्मं तिकीट आहे, त्यांना तर पास परवडण्याची शक्यता कमीच. खाडीतल्या जंगलजेटीचं तिकीट पासात येत नाही.

अलिबाग, चौल, रेवदंडा

पहिल्या दिवशी दुपारी पोचून संध्याकाळी गाव फिरा. कान्होजी आंग्रे यांची समाधी गावातच आहे. इस्रायल आळीत बेने इस्रायली समाजाचं सिनेगॉग आहे. किनाऱ्याजवळ चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार आणि तिथल्या कुलाबा वेधशाळेच्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४मध्ये ती इथे आणली. बाजारात पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. लासलगावच्या पट्ट्यातून आलेल्या माणसाने तो जरूर चाखावा. भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा गोडसर, कच्चाच खायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलाबा किल्ला. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी परत चढायला लागायच्या आत किनाऱ्यावर या. ओहोटीत घोडागाड्याही जातात. किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे आणि समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचं तळं.

तिथून एसटीने रेवदंडा. माझ्या मते या सबंध किनाऱ्यावर पायी फिरायला याच्याइतकं समृद्ध दुसरं गाव नाही, म्हणून इथे एक रात्र राहाच. मुरूडचा रस्ता पोर्तुगीज तटातूनच आत शिरतो आणि गाव तटाच्या पोटात वसलेलं आहे. तटाच्या आत वाड्या, म्हणजे नारळाच्या बागा, आहेत. नारळाच्या बुंध्यांमधून चालता चालता अचानक चर्चची उघडी कमान, पडका चौथरा, वर वाढलेला पिंपळ. उंच मनोऱ्याला लोक सातखणी म्हणतात, आता त्याचे काही मजलेच उरलेत. वाड्या खासगी आहेत. आत शिरण्याआधी हाक मारा, "काकू, तटाकडे इथून जाता येईल का?" बहुतेक वेळा वाट दाखवायला कोणीतरी बरोबर येतं, आणि तुमच्या पुस्तकात नसलेली जागा तेच दाखवतं.

रेवदंड्याला लागूनच चौल. ग्रीक-रोमन लेखकांनी नोंदवलेलं हे बंदर, आणि पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी भारतात उतरला तो इथेच. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. चौलमध्ये रामेश्वराचं देऊळ आणि त्याची पुष्करणी सकाळी बघा, दत्ताची टेकडी संध्याकाळी चढा. अंतरं लहान आहेत, पण सायकल मिळाली तर अजून छान.

कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. डोंगराच्या सोंडेवर किल्ला आणि पायथ्याला कोळीवाडा. गावातल्या ख्रिस्ती कुटुंबांची बोली पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली आहे, साडेचारशेहून अधिक वर्षांच्या सहवासाची खूण. किल्ल्याची वाट दीपगृहाकडून वर जाते. वर सावली नाही, आठच्या आत चढा.

मुरूड ते श्रीवर्धन

काशीदला आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी थांबलात तर पांढरी वाळू जवळपास रिकामी मिळेल. मुक्काम मात्र मुरूडला करा.

जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात. होडी भरली की सुटते, त्यामुळे सकाळच्या पहिल्या होड्या गाठणं बरं. किल्ला हाताच्या अंतरावर येईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, तटाच्या दोन बुरुजांमध्ये तो दडवलेला आहे. आत थांबायला थोडाच वेळ देतात. म्हणून आधी कलालबांगडी तोफ आणि वरचा तट बघा, मग गोड्या पाण्याचे तलाव. होडीत चढता-उतरताना सॅक पाठीवर नको, एका खांद्यावर घ्या, किंवा मुक्कामावर ठेवूनच या. तटावरून समुद्रात दिसणारा दुसरा किल्ला पद्मदुर्ग, सिद्दीला शह द्यायला शिवाजी महाराजांनी उभारलेला. परतताना खोकरीचे सिद्द्यांचे घुमट पाहून घ्या, राजपुरीपासून जवळच आहेत आणि तिथे गर्दी नसते.

आगरदांड्याहून जंगलजेटीने दिघी. पायी प्रवाशाचं तिकीट किरकोळ असतं. खाडीला रस्त्याने वळसा घालायचा तर खूप अंतर पडतं. दिघीहून दिवेआगर आणि श्रीवर्धन. दिवेआगरच्या वाडीत १९९७मध्ये सुवर्णगणेश सापडला होता, २०१२मध्ये तो चोरीला गेला आणि २०२१मध्ये नव्याने घडवलेल्या मूर्तीची स्थापना झाली. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं मूळ गाव. इथे सुपारीच्या वाड्यांतून संध्याकाळी चालावं. श्रीवर्धनी रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. आजोबा-आजींसाठी भेट न्यायची असेल तर इथूनच.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा हा या वाटेवरचा सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात धोक्याचा तुकडा. देवळामागे खडकांतून पायऱ्या उतरतात आणि लाटांनी कोरलेल्या कड्याखालून वाट जाते. ती फक्त ओहोटीतच चालायची. पाणी चढत असताना मागून आलेली एक लाट माणसाला खडकावरून उचलून नेते. इथे असे जीव गेलेले आहेत. वर सांगितलेल्या तिथ्या पाळल्यात तर तुम्ही पंचमी-षष्ठीला इथे असाल आणि सकाळी दहाच्या सुमारास वाट उघडी मिळेल. तरीही देवळात विचारा, नको म्हणाले तर नको.

सावित्री ओलांडून

बागमांडल्याहून जंगलजेटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरलं की रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. शेजारी बाणकोट किल्ला, पुढे नाना फडणवीसांचं वेळास. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आलात तर वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना पाहता येतील, मे महिन्यात सहसा नाही. या टप्प्यात एसटी सगळ्यात विरळ आहे. वेसवीला सकाळीच उतरा, आणि केळशीपर्यंत थेट गाडी नसेल तर मंडणगडमार्गे जायची तयारी ठेवा.

केळशी हे शांत राहायचं गाव: महालक्ष्मीचं देऊळ, जांभ्या दगडाचे गडगे, खाडीच्या तोंडाशी वाळूची टेकडी. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीची पाखाडी चढून जा, रस्त्याने नको. वरून दिसणारा सुवर्णदुर्ग पाखाडी चढल्यावर जास्त आपला वाटतो.

हर्णैला मासळीचा लिलाव सकाळी आणि संध्याकाळी असतो. बोटी खोल पाण्यात थांबतात, माल लहान होड्यांतून वाळूवर येतो आणि तिथेच ढिगाभोवती बोली सुरू होते. एका हाताने टोपली सावरत, दुसऱ्या हाताची बोटं वर करत बायका भाव पुढे नेतात. वाळू, पाणी आणि खवले यांच्या चिखलात उभं राहून हे बघायचं असतं. मध्ये येऊ नका, फोटो काढण्याआधी विचारा. एखाद-दोन किलो घेऊन मुक्कामावर दिलंत तर बऱ्याच घरांत शिजवून देतात, मजुरी आधी ठरवा.

दापोली हे डोंगरावरचं गाव. रात्री जरा गार वाटतं आणि कपडे वाळतात. अर्धा दिवस विश्रांती इथेच घ्या.

दाभोळला जेटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर माडांमध्ये आदिलशाही काळातली शाही मशीद आहे. एवढी देखणी इमारत आणि बऱ्याचदा बघायला कोणीच नसतं. खाडीपार धोपावे, तिथून गुहागर. गुहागरला व्याडेश्वराचं देऊळ आणि त्याच्या मागे सरळ लांब किनारा. इथून पुढे तिथी अष्टमीच्या पलीकडे गेलेली असते, भरती सकाळ-संध्याकाळी येते. हेदवीच्या बामणघळीला तेच हवं. दगडाच्या चिरेतून भरतीचं पाणी उसळतं ते लांब उभं राहून बघा, कडेला जाऊ नका. मग तवसाळ-जयगड जंगलजेटी, मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, गणपतीपुळे, आरे-वारेचा घाटरस्ता आणि रत्नागिरी.

वेळ कमी असेल तर गुहागरहून चिपळूण गाठून परत फिरा. मधली गावं पळवण्यापेक्षा ते बरं.

राहणं, खाणं

किनाऱ्यावरच्या रिसॉर्टपेक्षा गावातल्या आळीत घरगुती सोय शोधा. पैसे कमी लागतात आणि वस्तीच्या गाडीची, भरतीची, वाटेची खरी माहिती त्याच घरात मिळते. फोन करताना पाच गोष्टी विचारा: पंखा वीज गेल्यावर चालतो का, पाणी विहिरीचं की टँकरचं, जेवण शाकाहारी की मासळीसह, जेवणाची वर्दी किती आधी द्यायची, आणि स्टँडपासून चालत किती. काही घरांत फक्त शाकाहारी जेवण असतं, तिथे मासळी नेऊ नका.

मे महिन्यात कोकणातलं शाकाहारी ताट मासळीच्या ताटाला हरवतं, असं मला मनापासून वाटतं. कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, आमरस, घावणे-चटणी, सोलकढी. ओल्या काजूंची उसळ एप्रिलच्या सुरुवातीला मिळाली तर सोडू नका. रायगडच्या पट्ट्यात रस्त्याकडेला ताडगोळे मिळतात, दुपारी त्यांच्याइतकं गार काही नाही.

तंबू ठोकायचा असेल तर जागेच्या मालकाची परवानगी घ्या आणि भरतीच्या ओल्या रेषेच्या बऱ्याच वर ठोका. उधाणात रात्री पाणी अपेक्षेपेक्षा वर येतं. किल्ल्यांवर रात्रीचा मुक्काम करू नका. समुद्रावरचे कपडे समुद्रावरच, आळीतून आणि देवळात जाताना पूर्ण कपडे. आणि प्लास्टिक परत न्या. या गावांत कचरा उचलायची व्यवस्था तोकडी असते, टाकलेलं तिथेच राहतं.

पाण्यात उतरताना

गोदावरीत किंवा गंगापूर धरणात पोहणारा माणूससुद्धा समुद्राला नवखाच असतो. भरती येत असताना उतरा, ओहोटी लागल्यावर बाहेर या. तृतीया ते षष्ठी या दिवसांत सकाळच्या ओहोटीनंतर पाणी परत चढायला लागतं, तो वेळ पोहायला चांगला. संध्याकाळी पाणी उतरत असतं, तेव्हा फक्त काठावर चाला. खाडीच्या तोंडाशी आणि खडकांच्या कडेला अजिबात नको. पाण्याचा एखादा पट्टा शेजारच्या लाटांपेक्षा सपाट आणि गढूळ दिसला तर तिथे पाणी आत ओढतं. ओढलं गेलात तर किनाऱ्याकडे झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडा, मग परत फिरा. स्थानिक माणूस "आज नको" म्हणाला की चर्चा संपली.

जेलीफिश लागलं तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, आणि श्वासाला त्रास झाला किंवा सूज वाढली तर लगेच दवाखाना.

परतीचा प्रवास

रत्नागिरीत अर्धा दिवस हवा: टिळकांचं जन्मघर, ब्रह्मदेशच्या थिबा राजाला ठेवलं होतं तो राजवाडा, रत्नदुर्गावरून संध्याकाळ. परतीसाठी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस नाशिककरांच्या फार सोयीची. ती रत्नागिरीहून पनवेल-कल्याणमार्गे थेट नाशिकरोडला येते, मुंबईत गाडी बदलायची नाही. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि मे महिन्यात कोकण रेल्वेवर मोठी प्रतीक्षा यादी लागते. त्यामुळे सगळ्या सहलीत आधी हे तिकीट काढा, बाकीचं नंतर. नाहीच मिळालं तर पनवेलपर्यंतची कोणतीही गाडी धरून पुढे कल्याण आणि कल्याणहून नाशिकरोड.

हापूस घ्यायचा तर महामार्गावरच्या टपरीवर नको, तिथे बऱ्याचदा बाहेरचा आंबा रत्नागिरीच्या नावाने विकला जातो. गावातल्या बागायतदाराकडे जा आणि अर्धकच्ची फळं मागा. दोन डझनांची लहान पेटी सॅकबरोबर उचलता येते. गाडीत ती बर्थखाली उन्हापासून दूर ठेवा, वर सॅक ठेवू नका. घरी आल्यावर लगेच पेटी उघडून फळं पेंढ्यात एकेरी मांडा आणि रोज सकाळी पिकलेली वेगळी काढा.